बालदेवाची पुडी आणि थिआमसेंगची डुकरीण

सकाळी नऊच्या आतच तोआखे गावच्या देवळापुढे पाय ठेवायला जागा उरली नव्हती. का? तर थिआमसेंग म्हातारा जेवला! स्वादुपिंडाचा कॅन्सर यकृतात पसरलेला, दवाखान्याने हात टेकून घरी पाठवलेला, महिनाभर पेजेच्या चमच्यालाही तोंड न उघडणारा हा माणूस. काल त्याने वाडगाभर भात, वर डुकराचं मांस, दोन अंडी आणि माशाचं सूप चापलं आणि विचारलं, "संपलं का एवढ्यात?" आता याहून मोठा चमत्कार कुठला?

त्याची मुलगी बीहुई गर्दीत सगळ्यांत पुढे उभी होती. डोळ्यांना धार लागलेली, हातात उदबत्त्यांचा जुडगा. समोर उआन मास्तर. एरवी हे गृहस्थ फरशा बसवायची कामं घेत आणि अर्धी टाकून पळत. पण अंगात आलं की ते तिसरा राजपुत्र होत, म्हणजे बालदेव. मग काय विचारता! पंचावन्न वर्षांचा, पोट सुटलेला बाप्या, गळ्यात लाल लाळेरं, तोंडात रबरी चोखणी आणि बोलणं बोबडं.

"आजोबा जेवले ना ले? मी शांगितलं होतं ना? आता मला चॉकलेत!"

"अरे द्या, देवाला चॉकलेट द्या!" गर्दी ओरडली.

चॉकलेट आलं, मागोमाग नोटा घातलेली लाल पाकिटंही आली. ती मात्र देवाने अजिबात बोबडं न होता खिशात घातली.

उपचार सोपा होता. पिवळ्या कागदावर रोग्याचं नाव आणि जन्मवेळ लिहायची, कागद सगळ्यांदेखत जाळायचा आणि राखेच्या पुड्या घरी न्यायच्या. दिवसातून तीनदा पाण्यातून घ्यायच्या. अटी दोनच. ज्याच्या नावाची पुडी त्यालाच ती लागू, दुसऱ्याच्या पोटात नुसती राख. आणि दवाखान्याच्या गोळ्या बंद, कारण बालदेवाला मध्ये कुणी लुडबुडलेलं खपत नाही.

बीहुईने दोन्ही अटी पाळल्या. बाई अडाणी नव्हती, टपाल कचेरीत कामाला होती. पण रिकाम्या पोटी गेलेला माणूस भुकेलं भूत होऊन दारोदार हिंडतो, हे तिने लहानपणापासून ऐकलेलं. महिनाभर ती "एक घास, आपा, माझ्यासाठी" म्हणत बापाच्या उशाशी बसत होती. तो तोंड फिरवायचा. कधी तिच्या समाधानासाठी गिळायचा आणि लगेच ओकून टाकायचा. आपणच बापाला उपाशी मारतोय, हे तिच्या डोक्यातून जाईना. अशा वेळी माणूस राख काय, मातीसुद्धा चारेल.

पुढचे पंधरा-वीस दिवस म्हातारा जेवत होता आणि मुलगी देवाचे पाय धरत होती. तिसऱ्या आठवड्यात, 'येऊ नका' असा निरोप देऊनही, दवाखान्याची नर्स पेइशान घरी आली आणि दारातच थबकली. म्हाताऱ्याचा चेहरा भोपळ्यासारखा गोल झालेला. जिभेवर पांढरा थर. घशाला अशी कोरड की पाण्याचा जग त्याच्या हातातून सुटत नव्हता. तिने बोटाला सुई टोचून साखर बघितली. चारशे ऐंशी.

"ताई, यांच्या मधुमेहाच्या गोळ्या?"

"बंद केल्यात," बीहुई पुटपुटली. मग एकदम उसळून म्हणाली, "पण जेवतात ना ते! रोज तीनदा जेवतात! तुमच्या औषधांनी जेवत होते का?"

"ती पुडी बघू जरा."

बीहुईने पुडी पाठीमागे लपवली.

"दे गं तिला," म्हातारा पलंगावरून म्हणाला. "राख कधी एवढी कडू लागते का? साखर घातलीय, तरी कडूच. ही चव मला चांगली ठाऊक आहे."

"ठाऊक? कशी?"

थिआमसेंगने चाळीस वर्षं डुकरं पाळली होती. "डुकरीण आजारी पडली की खाणं सोडते. मग व्यापारी तिला विचारत नाही. म्हणून तो यायच्या आधी दोन-तीन दिवस पांढरी पूड मळीत कालवून चारायची. मरायला टेकलेली डुकरीण उठते, कुंडावर ताव मारते. व्यापारी खूश होऊन नेतो आणि आठवड्याभरात ती त्याच्या दारात मरते. हात चाटून बघायचो मी, पूड नीट कालवली गेली का ते. लाज वाटते सांगायला, पण केलंय मी हे."

बीहुईने पुडी नर्सच्या हातात दिली. "तुम्हाला... कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी."

"आणि गप्प बसलात?"

"तू हसलीस ना. महिनाभरात पहिल्यांदा." म्हाताऱ्याने पाण्याचा घोट घेतला. "म्हटलं, गिळू दोन घास. पण पोरी, ही कसली भूक? पोट नको म्हणतंय आणि जबडा आपला चाललाय. मलाच मी डुकरासारखा वाटायला लागलोय."

पेइशानने पुडी पिशवीत घातली. "स्टिरॉइड असणार. आजोबा, आमचे डॉक्टरही कधीकधी देतात हे. पण औषधाचं नाव सांगून, साखरेवर लक्ष ठेवून, किती दिवस द्यायचं ते ठरवून. आता एकदम तोडायचंही नाही. पुडी बंद, पण डॉक्टर आजपासून मोजून गोळ्या देतील आणि हळूहळू उतरवतील."

तरी बीहुईचं मन मानेना. "आपा, तुमचा अंदाज चुकला असेल तर? देवाच्या अपमानाचं पाप माझ्या माथी!"

"मग करून बघ की. किमहोची डुकरीण पाच दिवस पडून आहे म्हणे."

किमहो हा पुतण्या, तोच आता धंदा बघत होता. बीहुईने स्वतःच्या हाताने, बापाच्या नावाच्या उरलेल्या पुड्या, एका वेळी चार-चार, मळीत कालवून डुकरिणीपुढे ठेवल्या. तिसऱ्या दिवशी डुकरीण उठून रिकामं कुंड चाटत होती. बीहुई तिथेच चिखलात बसून ढसाढसा रडली. आणि रडून झाल्यावर तिला जो राग आला, त्याची गोष्टच वेगळी.

पौर्णिमेला देवळापुढे ही गर्दी. किमहोचा टेम्पो येऊन थांबला. मागे लाल फीत बांधलेली डुकरीण, पुढे चाकाच्या खुर्चीत थिआमसेंग. लोकांना वाटलं, नवस फेडायला आला.

"डुक्कू! डुक्कू! मला आणलं?" चोखणीआडून बालदेव चिवचिवला.

"नैवेद्य नाही हा," बीहुई म्हणाली. "तुमची भक्त आहे. पाच दिवस अन्नाला शिवली नव्हती, तुमच्या पुडीने उठली."

"काय सांगता!" गर्दीने टाळ्या पिटल्या.

"मी छगल्यांना बले कलतो!" मास्तर फुलून गेले.

"बरं. मग पुडीवर नाव कुणाचं होतं, तेही सांगते." तिने पुडीचा कागद वर धरला. "माझ्या बापाचं. जन्मवेळही त्यांचीच. तुम्हीच म्हणाला होता ना, दुसऱ्याच्या पोटात ती नुसती राख? आता बोला. देवाने माझ्या बापाला आणि डुकरिणीला ओळखण्यात घोटाळा केला, की पुडीत राखेशिवाय दुसरं काही होतं?"

"तोंडवळा जुळतो रे थोडा!" खुर्चीतून थिआमसेंगच म्हणाला आणि हशा पिकला.

"खोटं आहे हे! बदनामी चाललीय माझी!" मास्तर गरजले. चोखणी खाली पडली, आणि आवाज खणखणीत, एकही अक्षर बोबडं नाही.

"अगं बाई, देवाला दात आले!" मागून एक म्हातारी म्हणाली.

तेवढ्यात पेइशानने पुढे येऊन पुडीच्या तपासणीचा कागद वाचून दाखवला. राख, साखर आणि दळलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या. तिच्यासोबत आलेल्या आरोग्य खात्याच्या माणसांनी उदबत्तीच्या टेबलाखालून डबा काढला. त्यात तयार पुड्या होत्या, फक्त वर नाव घालायचं बाकी. लोकांसमोर जाळलेल्या कागदाची राख कुणाच्याच पोटात जात नव्हती. मास्तरांचं पितळ असं भर चौकात उघडं पडलं.

तरी एक बाई चाचरत म्हणाली, "पण काका, खाल्लं तर तुम्ही. उपाशी मरण्यापेक्षा बरं नाही का?"

"बाई, मी खात नाही म्हणून मरत नाहीये," थिआमसेंग म्हणाला. "मरतोय म्हणून खावंसं वाटत नाही. माझ्या पोटाला हे कधीच कळलंय. तुम्हालाच कळत नाही."

डॉक्टरांनी औषध हळूहळू उतरवलं. साखर खाली आली, तहान गेली आणि ती उसनी भूकही गेली. बीहुईने सवयीने चमचा पुढे केला. बापाने मान हलवली.

"तू जेव. इथे, माझ्यासमोर. किती वाळलीयस बघ."

ती जेवली. म्हातारा बघत राहिला. मग त्याने बर्फाचा एक खडा मागितला आणि तो चोखत किमहोच्या डुकरांच्या चौकशा केल्या. अकरा दिवसांनी तो गेला, तेव्हा बीहुईचा हात त्याच्या हातात होता.

महिनाभराने शेजारच्या गावातली एक बाई टपाल कचेरीच्या खिडकीशी आली. नवऱ्याला आतड्याचा कॅन्सर, अन्नावरची वासना उडालेली, आणि पदरी कुठल्याशा दुसऱ्या मास्तरची पुडी.

"ताई, तुम्हाला यातलं कळतं म्हणे. देऊ का ही?"

"आत काय आहे, ते सांगितलं का त्याने?"

"नाही. म्हणाला, विचारलं की गुण जातो."

"विचारल्यावर जो गुण जातो, तो नव्हताच. पुडी डॉक्टरांना दाखवा. तोंड आलंय का, मळमळतंय का, दुखतंय का, तेही त्यांना विचारा, त्यावर औषध असतं. आणि नवऱ्याला विचारा, त्यांना काय हवंय. मी माझ्या बापाला हे शेवटी विचारलं, आधी विचारायला हवं होतं."

"आणि तरीही नाही खाल्लं तर?" बाईचे डोळे भरून आले. "मी काय करू मग?"

बीहुईने खिडकी बंदची पाटी लावली, बाहेर आली आणि तिच्या शेजारी बाकावर बसली.

"तर वाडगा बाजूला ठेवा," ती म्हणाली, "आणि त्यांच्याजवळ बसा."