अकरा जणी मजेत

जखमी जवानांच्या वॉर्डात आम्ही बारा नर्स. कामाच्या ताणाची पाहणी करणारे फॉर्म आले तेव्हा कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांचं ठरलं, जे आहे ते खरं लिहायचं, म्हणजे आणखी चार जणी तरी मिळतील. ठरवलं ते आमच्या सीनिअर ताईनंच. "नाव लिहायचं नाहीये गं, घाबरता कशाला? माझा तर पार चोथा झालाय," ती म्हणाली.

मी लिहिलं, 'ड्रेसिंग करताना जवान कळवळतो, पण मला आता काहीच वाटत नाही. तीन महिने झाले.'

आठवड्यानं मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं. "अकरा जणी अगदी मजेत आहेत," ते म्हणाले, "तेव्हा माणसं वाढवायचा प्रश्नच नाही. एकीला मात्र काहीच वाटेनासं झालंय. कोण ती?"

दहा जणी खाली बघत होत्या आणि ताई माझ्याकडे. डॉक्टरांनीही मग माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही उद्यापासून रेकॉर्ड रूममध्ये बसा. इथं जीव लावणारं माणूस हवं."

बाहेर आल्यावर मी ताईला गाठलं. "तू काय लिहिलंस?"

"सगळं ठीक." तिनं ग्लोव्हजचा खोका काखेत धरला. "अगं, माझी बढती अडकली असती. म्हटलं, तू तरी खरं लिहिशीलच."

सात नंबरचा जवान हाका मारत होता. सवयीनं मी वळले, तर ताई म्हणाली, "राहू दे, मी बघते."