डावा जोडा

बागेत जायला निघाले, तर माझ्या लाकडी जोड्यांतला डावा गायब! एका पायात जोडा, दुसऱ्यात नुसता मोजा, अशी तणतणत शेडमध्ये गेले. माझा नवरा वीबे करवतीच्या मशीनवर होडीसाठी पातळ पट्ट्या कापत होता आणि माझ्याच जोड्याने फळी पुढे ढकलत होता.

"अरे, लाज आहे का काही?"

त्याने मशीन बंद केलं. "टाचेत फळी मस्त अडकते गं. हात पात्यापासून लांब राहतो."

मी जोडा हिसकावला. तळाला पात्याच्या खाचाच खाचा. मोजल्या. वीबेच्या दोन्ही हातांना मिळून तेवढी बोटं नाहीत.

पायातला उजवाही काढून दोन्ही जोडे त्याच्यापुढे ठेवले आणि मोज्यांवरच चिखल तुडवत बागेत गेले.