हातचा एक इंच

मित्रांनो, मी शिवणकामाची एक जुनी टेप आहे. किती जुनी, ते मला नक्की सांगता येणार नाही. इतरांची मापे घेण्यात आयुष्य गेले. पण स्वतःचे माप घ्यायचे तर टेपेने स्वतःला कोणत्या टोकाला धरावे, हे मला अजून उमगलेले नाही.

माझा हा गोंधळ जन्मापासूनचा आहे. एका कारखान्यात लांबच लांब पिवळ्या पट्टीवर आकडे छापले जात होते. त्या पट्टीचा मी साठ इंचांचा तुकडा. माझ्या एका अंगावर इंच छापले आणि दुसऱ्या अंगावर सेंटिमीटर. मात्र एक अंग जिथे सुरू होते, तिथेच दुसरे संपते. दोन्ही टोकांना पत्र्याच्या सारख्याच टोप्या बसवल्या गेल्या. सुरुवात कोणती आणि शेवट कोणता, हे मला कोणी सांगितले नाही. गुंडाळी करून डब्यात ठेवले तेव्हा मी शेजारच्या टेपेला विचारले होते. तीही गोंधळातच होती.

मी आत्याच्या दुकानात आले. ती तशी एकाच मुलाची आत्या. पण त्याच्या तोंडून ऐकून ऐकून साऱ्या गल्लीची आत्या झाली होती. दुकान म्हणजे एक खोली. खिडकीशी मशीन, मधोमध कापण्याचे मोठे टेबल, टेबलाच्या कडेला खडू घासून पडलेला खोलगट डाग, आणि कान तुटलेल्या कपात टाचण्या. मी आत्याच्या गळ्यात राही. सकाळी दुकान उघडताना ती मला गळ्यात घाली आणि संध्याकाळी खुंटीवर ठेवी. तिच्या मानेच्या उबेत मला काही काळ असे वाटले होते की मी कोणीतरी नेमकी, खरी, विश्वासाची वस्तू आहे. गिऱ्हाइके म्हणत, "आत्याच्या टेपेला चूक माहीत नाही." तेव्हा मी नुसती फुलून जात असे.

मग तो दिवस आला. आत्याचा भाचा तेव्हा सहा वर्षांचा होता. भाऊ आणि वहिनी दोघेही नोकरीला जात, म्हणून शाळा सुटली की तो दुकानात येई. त्या दुपारी आत्या इस्त्री करत होती आणि मी टेबलावर पसरलेली होते. बाहेर जिन्यावरून काहीतरी धडधडत खाली आले आणि पाठोपाठ किंकाळी ऐकू आली. आत्याने हातातली इस्त्री होती तशी सोडली आणि ती धावली. इस्त्री माझ्या टोकावर पडली होती.

ती परतली तेव्हा तिच्या कडेवर रक्ताने माखलेल्या भुवईचा भाचा होता, आणि माझा पहिला इंच काळा पडून आकसला होता. दुसऱ्या दिवशी तिने मला उजेडात धरले, थोडा विचार केला, आणि बरोबर एकच्या रेघेवर कात्री चालवली. मला वाटले, आता कचऱ्याची टोपली. पण तिने मला पुन्हा गळ्यात घातले.

तेव्हापासून मी एकपासून सुरू होते. माझे तोडलेले टोक खांद्यावर ठेवले की खालचा आकडा खऱ्यापेक्षा एकाने जास्त येतो. आत्याने त्यावर सोपी तोड काढली. टेपेवर दिसेल तो आकडा ती मोठ्याने वाची आणि मापाच्या वहीत एक कमी करून लिही. तोंडाने छत्तीस, वहीत पस्तीस. एकदा एक गिऱ्हाईक बाई कंबरेचा आकडा ऐकून भडकल्या.

"आत्या, एवढं ओरडून सांगायची काय गरज? बाहेर लोक उभे आहेत!"

"अहो, मी ओरडले ते टेपेचं माप. तुमचं वेगळं आहे, एक इंच बारीक."

त्या बाई त्यानंतर कायमच्या आमच्याकडे येऊ लागल्या. पण मी मात्र आतून हलले होते. जी टेप प्रत्येक वेळी चुकीचा आकडा दाखवते आणि तरीही जिच्यावरून प्रत्येक कपडा बरोबर बेततो, ती खरी की खोटी? मी माप आहे की चूक आहे? या प्रश्नात माझी बारा-तेरा वर्षे गेली.

भाचा मोठा झाला. भुवईवरची खूण राहिली, बोलणे तेवढे कमी झाले. आत्या त्याला 'घुम्या' म्हणू लागली. तो कपड्यांची रचना शिकण्याच्या महाविद्यालयात जाऊ लागला, तेव्हा तिला कोण आनंद झाला! तरीही मला किंवा कात्रीला तिने त्याला हात लावू दिला नाही. "कात्री, टेप आणि दात घासायचा ब्रश उसना द्यायचा नसतो," हे तिचे ठरलेले वाक्य होते.

वर्ष संपत आले तसा घुम्या अधिकच मिटत गेला. एक दिवस तो टेबलापाशी येऊन नुसताच खडू कुरतडत उभा राहिला.

"काय झालं? बोल की," आत्या मशीन न थांबवता म्हणाली.

"मॅडमनी माझी सगळी चित्रं परत दिली. म्हणाल्या, हे मासिकांतून आलंय, यात तू कुठे आहेस? शेवटच्या कामाला रोजच्या जगण्यातली गोष्ट हवी म्हणतात. त्यात नापास झालो तर वर्ष गेलं."

"मग बघ की रोजचं जगणं. ते कुठे पळून गेलंय?"

तो बघू लागला. संध्याकाळी तो आपली वही टेबलावर उघडी ठेवी आणि मी खुंटीवरून पाने पाही. दाराची कडी. दोरीवरचे चिमटे. बसच्या खिडकीला टेकून झोपलेल्या माणसाची मान. कपाच्या तळाचा ओला गोल. चित्रे सुरेख होती, पण प्रत्येकाखाली बारीक अक्षरात लिहिलेले असे, 'मग पुढे काय?' जगात पाहण्यासारखे इतके होते की कशाकडे पाहावे, हेच त्याला कळेनासे झाले होते. मला त्याची अवस्था नीट समजत होती. ज्याला आपले शून्य सापडत नाही, त्याने मोजायला कुठून लागावे?

एकदा त्या वहीतून घडी घातलेला एक कागद टेबलावर पडला आणि उघडला. आत्या गिऱ्हाइकाशी बोलत होती. तो अर्ज होता. 'हे शिक्षण मला जमत नाही, तरी माझे नाव कमी करावे,' असे त्यात लिहिले होते. खाली सही होती. फक्त तारीख घालायची राहिली होती. घुम्याने तो घाईने उचलला आणि आत्या वळली तेव्हा काहीतरी बोलायला हवे म्हणून बोलून गेला, "आत्या, तुझ्यासाठी कोट शिवू? कामाचा. खडू-कात्रीला खिसे असलेला. परीक्षेला तूच घालून यायचं."

"माझ्यासाठी?" आत्याने चष्मा वर केला. "जन्मभर मी लोकांना शिवलं, मला कोणी शिवलं नाही रे. शीव. पण अंगाबरोबर हवा. सैल बाही मशीनच्या सुईखाली जाते."

तिचे माप घ्यायला तो लाजला. म्हणून तिनेच मला स्वतःभोवती फिरवले आणि सवयीने आकडे म्हटले, "छाती छत्तीस. बाही बावीस. उंची एकोणतीस." घुम्याने हाताशी होता त्या कागदाच्या मागे, म्हणजे त्या अर्जाच्याच मागे, ते आकडे उतरवले. ऐकले तसे. मी तिच्या हातात तडफडत होते, पण टेपेला वाचा कुठली? ज्याने लहानपणापासून हे आकडे ऐकले, त्याला वहीतले आकडे ठाऊक नसतील, हे आत्याच्या स्वप्नातही आले नाही.

त्याने महाविद्यालयातल्या लोखंडी पट्टीने कापड बेतले आणि तिथेच कोट शिवला. परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी तो कोट घेऊन आला. आत्याने घातला, आरशात पाहिले, आणि दोन्ही हात पुढे केले. बाह्या तिच्या तळहातांवर आल्या होत्या.

"सैल झालाय रे. सगळीकडूनच."

"तू सांगितलंस तेवढाच आहे. छत्तीस म्हणालीस."

"छत्तीस म्हणाले म्हणजे पस्तीस!"

"छत्तीस म्हणजे पस्तीस कसं असेल, आत्या?"

"अरे, ही टेप एक इंच तुटकी आहे ना! तोंडाने वाचायचं आणि लिहिताना एक काढायचा. तो एक हातचा. एवढी वर्षं इथे बसून काय बघत होतास तू?"

घुम्या खाली बसला. दारोदार फिरून त्याने कड्या आणि चिमटे पाहिले होते. समोरच्या मापाच्या वहीत मात्र एकदाही डोकावला नव्हता. त्याने मला हातात मागितले. आत्याने, आयुष्यात पहिल्यांदा, मला त्याच्या हातात दिले. त्याची बोटे माझ्या तुटक्या काठापाशी थांबली.

"आणि तो इंच गेला कुठे?"

"तुझ्या भुवईला विचार," आत्या म्हणाली. मग आवाज खाली आणून तिने जिना, किंकाळी आणि इस्त्री सांगितली. "चल, दे इकडे. तासाभरात उसवून बरोबर करून देते. कोणाला कळणार पण नाही."

खरेच कळले नसते. आत्याच्या हातचे काम निर्दोष झाले असते आणि घुम्या पास झाला असता. त्याने खिशातून तो घडीचा कागद काढला. मला वाटले, आता तो अर्जावर तारीख घालणार.

"उसवू नकोस," तो शेवटी म्हणाला. "आज मला नुसतं बसू दे इथे."

त्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत बसला. गिऱ्हाईक आले की आत्या आकडा म्हणे आणि लिही. तो दोन्ही टिपून घेई. अर्जाच्या मागे दोन रांगा होत गेल्या, 'ऐकलेले' आणि 'लिहिलेले'. चहाच्या वेळेला त्याने लाल दोरा मागितला. कोटातला जास्तीचा प्रत्येक इंच त्याने कापून न टाकता दुमडला आणि दुमडीवर लांब टाक्यांचा लाल धावदोरा घातला. बाहीला एक दुमड, खालच्या काठाला एक, आणि पाठीवर मधोमध फक्त वरच्या टोकाला टाचलेली एक उभी चूण, जी आत्या टेबलावर वाकली की उघडे आणि सरळ झाली की मिटे. कोट घालून पाहताना आत्याने नकळत दोन टाचण्या बाहीच्या दुमडीत खोचल्या. तो ते पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी आत्या कोट घालून परीक्षेला उभी राहिली आणि मी तिच्या गळ्यात होते. मॅडम उंच, शांत, कोणाकडेही पाहून न हसणाऱ्या. त्यांनी लाल टाक्यांवरून बोट फिरवले.

"हे काय आहे?"

आत्याने घुम्याला कोपर मारले.

"हे... हे जास्तीचं आहे," तो म्हणाला. "आमच्याकडे एक काढून लिहितात. मला ते माहीत नव्हतं. म्हणजे, रोज ऐकत होतो."

मॅडमनी मला आत्याच्या गळ्यातून काढले, बोटांतून सरकवत टोकापर्यंत नेले आणि थांबल्या. "हिचं शून्य कुठे आहे?"

"माझ्या डोक्यात," आत्या म्हणाली. मागे कोणीतरी हसले.

मग मॅडमनी आकड्यांचा कागद मागितला. घुम्याने तो दिला आणि त्याच क्षणी त्याला आठवले की तो कागद कसला आहे. मॅडमनी आकडे वाचले, कागद उलटला, अर्ज वाचला. बराच वेळ त्या एकदा ही बाजू, एकदा ती बाजू पाहत राहिल्या. दोन्हीकडून वेगळेच सांगणारी वस्तू हातात आली की माणसाचे काय होते, हे मला आयुष्यभर ठाऊक होते.

"हे कोणत्या बाजूने वाचायचं?" त्यांनी विचारले.

घुम्या आत्याच्या बाहीतल्या टाचण्यांकडे पाहत होता.

"आकड्यांच्या," तो म्हणाला.

"आणि ही बाजू?"

"ती मागची आहे, मॅडम."

त्यांनी कागदाची घडी घातली, आकडे बाहेर राहतील अशी, आणि त्याला परत दिली. "खांदा नीट बसलेला नाही. पुढच्या वर्षी खांद्यापासून सुरुवात करू," असे म्हणून त्या पुढच्या विद्यार्थ्याकडे वळल्या.

"म्हणजे?" घुम्याने आत्याला हळूच विचारले. "चुकलं का?"

"अरे घुम्या, पुढच्या वर्षी म्हणाल्या! पास झालास!"

आता थोडेच सांगायचे उरले आहे. घुम्याने आत्याला कोरी नवी टेप आणून दिली आणि मला मागून घेतले. नव्या टेपेने आत्याने पहिला सदरा बेतला, आणि सवयीने एक काढून लिहिल्यामुळे तो एक इंच आखूड झाला. तिने स्वतःला चार शब्द ऐकवले, कात्री उचलली आणि नव्या टेपेचा पहिला इंच कापून टाकला. त्या बिचारीला काहीच कळले नसेल. मी तिथे असते तर तिला समजावले असते. पण काय समजावले असते, ते मात्र मला माहीत नाही.

मित्रांनो, माझा गोंधळ मिटलेला नाही. मी चुकीची आहे म्हणून जपली गेले, की जपली गेले म्हणून बरोबर ठरले, हे मला अजून सांगता येत नाही. एवढीच विनंती आहे, की घरातली एखादी तुटकी, बिनकामाची दिसणारी वस्तू टाकून देण्याआधी, ती वापरणाऱ्या माणसाला विचारा, "यातला हातचा कुठे आहे?" तो वस्तूत सापडत नाही. तो त्या माणसापाशी असतो, आणि विचारले नाही तर त्याच्याबरोबरच निघून जातो.

मी आता घुम्याच्या गळ्यात असते. तो मोठ्याने वाचतो आणि एक काढून लिहितो. कधी काम अडले की तो मला बोटांतून सरकवत माझ्या कापलेल्या काठाशी येऊन थांबतो. मग तीच बोटे नकळत त्याच्या भुवईवर जातात. तिथे, त्या खुणेवर, माझी सुरुवात आहे की शेवट, मला कळत नाही. पण माझा इंच तिथे आहे.