पाहुण्याच्या ओळीतले शॉट

मी एक जुनी तोफ आहे. दचकू नका, मित्रांनो. माझ्यातून गोळे सुटत नाहीत, बास्केटबॉल सुटतात. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, हार्टवेल कॉलेजच्या सरावाच्या हॉलमध्ये मी रिंगखाली उभी असायचे. माझी जाळी उलट्या छत्रीसारखी वर पसरलेली. चेंडू रिंगेतून जावो की बाहेर उडो, तो जाळीत यायचा, घरंगळत माझ्या पोटात उतरायचा आणि मी तो मुलीच्या हातात परत फेकायचे. कधी आणि कुठून किती फेकले, किती रिंगेतून गेले, ते माझ्या छोट्या पडद्यावर उमटायचं. मुलींनीच माझं नाव तोफ ठेवलं. बोलायची सोय मात्र माझ्यात कोणी केली नव्हती, आणि एका वसंतात त्याच गोष्टीची मला फार भीती वाटली.

एका जुन्या विद्यार्थिनीने मला कॉलेजला भेट दिलं, तेव्हा माझी चाकं कोरी होती आणि जाळीला नव्या दोरीचा वास होता. सुरुवातीची वर्षं सुखाची गेली. मुली यायच्या आणि चार वर्षं राहायच्या. कोरिन नावाची एक उंच, हडकुळी मुलगी आली तेव्हा लांबून टाकलेल्या तिच्या दहा चेंडूंतले दोन जेमतेम जायचे. चौथ्या वर्षी चार जाऊ लागले. शेवटच्या दिवशी तिने माझ्या झाकणावर डोकं टेकलं आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. असं कौतुक वाट्याला आलं की यंत्रालाही आपण कोणाच्या तरी उपयोगी पडलो असं वाटतं.

मग पोर्टल आलं. पोर्टल म्हणजे नावांची यादी. ज्या मुलीला कॉलेज बदलायचं असेल तिने त्यात नाव घालायचं. मग देशभरातल्या कुठल्याही कोचने तिला फोन करावा. काही मुलींचं त्यात भलं झालं, ते मी नाकारत नाही. पण एकदा नाव गेलं की जुन्या कॉलेजवर तिला परत घेण्याचं बंधन नसे. पूर्वी मुलींच्या कपाटांवर पितळी पाट्या स्क्रूने बसवलेल्या असत. त्या काढल्या गेल्या आणि चिकटपट्टीच्या आल्या. दर वसंतात त्या चर्रकन ओढून काढल्याचा आवाज भिंतीपलीकडून यायचा. आज कोण गेली असेल, असं मनात येऊन माझा पट्टा जागच्या जागी आवळायचा.

भीती सगळ्यांनाच होती. मुलींना वाटायचं, कोच आपल्या जागी दुसरी शोधतायत. कोचना वाटायचं, मुलगी आतून दुसरीकडे बोलणी करतेय. कोणी सरावानंतर लवकर घरी गेलं तरी कुजबुज व्हायची, "हिचं मन उडालंय."

त्या दिवसांत इमानी ब्रूसार्ड आली. लुइझियानातल्या लेक चार्ल्सची. नेब्रास्काची थंडी तिला सोसायची नाही. दोन-दोन मोजे घालून यायची. खेळाडू घडवण्याचं काम ज्यांच्याकडे होतं त्या सहायक कोच ग्रेचेन व्होट यांनी तिला पहिल्याच शरदात माझ्यासमोर उभं केलं आणि डाव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"तुझा शॉट सगळीकडून बरा आहे. फक्त तिथे गेलीस की दगड फेकल्यासारखा फेकतेस."

"तिथून मला रिंगमागची फळी दिसत नाही, कोच. हवेतच टाकल्यासारखं वाटतं."

"मग हवेवर विश्वास ठेवायला शिक. रोज यायचं. कोड टाकायचा आणि मगच सुरुवात करायची. दर सोमवारी मी आकडे दारावर लावणार. जिचे आकडे दिसतील तीच मैदानात दिसेल."

प्रत्येक मुलीला चार आकडी कोड होता. तो टाकला की शॉट तिच्या नावावर जमा व्हायचे. न टाकता कोणी खेळलं तर ते 'पाहुणा' नावाच्या ओळीत पडायचे. उन्हाळ्यात शिबिराला येणारी लहान पोरं त्या ओळीत खेळायची, म्हणून ग्रेचेनबाई ती ओळ कधी पाहतच नसत. सोमवारच्या कागदावर ती छापलीही जात नसे.

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत राखेचा बुधवार आला. ईस्टरपूर्वीच्या उपवासाचा तो पहिला दिवस. इमानी पहाटे चर्चला जाऊन आली होती. कपाळावर राखेचा क्रूस होता. बुटांच्या नाड्या बांधताना तिने फोन बाकावर ठेवला आणि लेक चार्ल्सहून तिच्या आजीचा, मॉमॉचा, खरखरीत आवाज हॉलमध्ये घुमला.

"काय सोडलंस यंदा?"

"गोड सोडलं, मॉमॉ."

"गोड तर तू दर वर्षी सोडतेस आणि ईस्टरला दुप्पट खातेस."

"मग आणखी काय सोडू? थंडी सोडायला मी तयार आहे बघ!"

मॉमॉ हसल्या. मग म्हणाल्या, "दाखवणं सोड, बाळा. चाळीस दिवस जे काही चांगलं करशील ते कोणाला दिसू देऊ नकोस. मोजून दाखवू नकोस, विचारलं तरी बोलू नकोस. ज्याला दिसायचं त्याला दिसतंच."

इमानी उठली. माझ्यापाशी आली. कोडाचे तीन आकडे तिने दाबलेही होते. चौथ्यावर बोट थांबलं. तिने ते पुसले, कपाळाला हात लावला आणि तशीच डाव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

त्या दिवशी तीनशे चेंडू पाहुण्याच्या ओळीत गेले. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही दिवशी. रोज सकाळी पावणेसहाला, बाहेर अजून बर्फ असताना ती यायची. पाय सरळ, कोपर आत, शेवटी बोटं खाली. एकेक चेंडू इतका नेमका जाऊ लागला, की जाळीचा नुसता सुस्कारा ऐकू यायचा. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी सोमवारचा कागद पाहत होते. इमानी ब्रूसार्ड, शून्य. पुढच्या सोमवारी पुन्हा शून्य, लाल शाईत.

ती रोज पहाटे येते, हे एकीलाच ठाऊक झालं. तिचं नाव ब्रिन होल्टग्रेव्ह. ती इमानीचीच जागा खेळायची. एका सकाळी ती विसरलेली बाटली न्यायला आली आणि दारातच थबकली.

"अगं बाई! इथे मरमर करतेयस आणि कागदावर शून्य? कोड टाक ना, शहाणे!"

"ईस्टरपर्यंत नाही."

"ईस्टरपर्यंत कोच तुला कढईत तळतील."

"ब्रिन, कोणाला सांगू नकोस. मी शब्द दिलाय."

"कोणाला?"

इमानीने नुसतं वर पाहिलं. ब्रिनने खांदे उडवले. "तू आणि तुझा देव, तुमचं तुम्ही बघा. मी काही पाहिलं नाही."

ग्रेचेनबाईंनी एकदा जाता जाता विचारलं होतं, "काय गं, हात आखडला का?" इमानी हसली आणि गप्प राहिली. ते हसणं त्यांना लपवाछपवीचं वाटलं. मुख्य कोच प्रुइट यांना त्या माझ्यासमोरच म्हणाल्या, "तिचं मन उडालंय. कुठेतरी बोलणी झालेली दिसतात. पुढच्या वर्षासाठी ती इथे मेहनत कशाला करेल?" प्रुइटबाईंनी डोळे मिटले. गेल्या वसंतात त्यांच्या संघातल्या तीन मुली एकाच आठवड्यात गेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग आपण आधी हालचाल करू. या खेपेला मला रिकाम्या हाताने बसायचं नाही."

मी तिथेच होते. माझ्या पोटात हजारो शॉट होते. मी काय करू शकत होते? माझा पंखा नुसता गरगरत राहिला.

इमानीला सामन्यांत कमी कमी मिनिटं मिळू लागली. मार्चमध्ये हंगाम संपला आणि एकेकीला कोचच्या खोलीत बोलावणं आलं. दर हंगामाच्या शेवटी असं होतं. कोण राहणार आणि कोण नाही, ते त्या खोलीत ठरतं. इमानी तिथून हॉलमध्ये आली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा होता. ब्रिन बाकावर बसली होती.

"काय म्हणाल्या?"

"पोर्टलमध्ये नाव घाल म्हणाल्या. माझ्याविषयी चांगलं बोलतील म्हणे. ओहायोची एक मुलगी येतेय. शिष्यवृत्तीची जागा एकच आहे."

"आणि तू? सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? त्यांनी तो लाल कागद पुढे केला. माझी जीभच हलेना, ब्रिन. शब्दाचं तर होतंच, पण खरं सांगू? मला भीती वाटली. असा कागद दाखवतायत, म्हणजे मी नकोच असेन." तिने बाही डोळ्यांवर ओढली. "अर्ज भरून दिला. उद्या दुपारी ऑफिस नाव घालणार."

ती गेली. ब्रिन एकटीच राहिली. मग उठून माझ्यासमोर आली आणि तिने पाहुण्याची ओळ उघडली.

सात हजार आठशे बारा.

मित्रांनो, पाहुण्याची ओळ पुसायला कोड लागत नसे. एक बटण दाबलं की झालं. ब्रिनचा अंगठा त्या बटणाच्या अगदी जवळ होता. नखाभोवती तिने कुरतडलेलं कातडं मला दिसत होतं. इमानी गेली तर ब्रिन सुरुवातीच्या पाच जणींत येणार होती. ओहायोची मुलगी आली तरी ती नवखी. ब्रिन हळू आवाजात, माझ्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मी काही पाहिलं नाही, असं मीच म्हणाले होते ना."

आजवर मी कितीतरी फेकाफेकी सोसली. पट्टे तुटले, एकदा तर आगीची ठिणगी उडाली. पण त्या अंगठ्याइतकी भीती मला कशाचीच वाटली नाही. मी गच्च बसले. माझ्यातला एक चेंडू आत घरंगळला आणि त्या आवाजाने ती दचकली. अंगठा मागे गेला. ती वळली आणि पळतच सुटली.

आली ती ग्रेचेनबाईंना दंडाला धरून.

"हे बघा."

"अगं, शिबिराची पोरं असतील ती."

"फेब्रुवारीत? बर्फात? तारखा बघा ना, कोच! रोज पावणेसहा. आणि सगळे डाव्या कोपऱ्यातून. त्या वेळी आणखी कोण कडमडायला येणार इथे?"

ग्रेचेनबाई वाकल्या. त्यांनी बोटाने एकेक दिवस खाली सरकवला. डावा कोपरा: पहिल्या आठवड्यात शंभरातले एकतीस. शेवटच्या आठवड्यात शंभरातले शेहेचाळीस. त्यांनी तोंडावर हात ठेवला. "पण ती बोलली का नाही?"

"राखेच्या बुधवारपासून गप्प आहे. ईस्टरपर्यंत काही दाखवायचं नाही, असा नेम आहे तिचा. मीही गप्प बसले, कोच. मला तिची जागा हवी होती."

ग्रेचेनबाईंनी लगेच प्रुइटबाईंना फोन लावला.

थोड्या वेळाने प्रुइटबाई आल्या. मागून इमानी आली. तिला वाटलं होतं, हॉलची किल्ली परत मागायला बोलावलंय. तिने ती हातातच धरली होती.

प्रुइटबाईंनी पडदा वाचला आणि त्या माझ्या पायथ्याशी जमिनीवर बसल्या. साठीच्या बाई, गुडघे दुखणाऱ्या.

"हे तुझे आहेत?"

इमानीने नुसतं वर पाहिलं.

"बरं. नको सांगूस. नेम मोडू नकोस. एवढंच सांग, तुला इथून जायचं होतं का?"

हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. इमानीने मान हलवली, नाही म्हणून. आणि मग ती रडायला लागली, लहान मुलीसारखी, आवाज करून.

"ऑफिसला सांगते, अर्ज फाडा म्हणून," प्रुइटबाई म्हणाल्या. "जागा तुझी आहे. चूक माझी आहे."

इमानीने नाक पुसलं. "आणि ओहायोची मुलगी? तिने आपलं कॉलेज सोडलं असेल ना, तुमच्या शब्दावर?"

ग्रेचेनबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या.

"सोडलंय," प्रुइटबाई म्हणाल्या. "तो फोन मलाच करायचाय." भिंतीला धरून त्या उठल्या आणि बाहेर गेल्या. काचेच्या दारापलीकडे त्या फोन कानाला लावून उभ्या होत्या. समोरून कोण काय बोललं ते मला ऐकू आलं नाही. त्यांची पाठ मात्र हळूहळू वाकत गेलेली मी पाहिली. त्या मुलीचं नावसुद्धा मला माहीत नाही. तिचं पुढे काय झालं, कोणत्या हॉलमध्ये ती आता शॉट टाकते, टाकते की नाही, हा विचार आला की मला अजून धडकी भरते.

पुढच्या वर्षी नवं यंत्र आलं. त्याला कॅमेरा आहे. समोर कोण उभं आहे ते चेहऱ्यावरून ओळखतं. कोड लागत नाही आणि पाहुण्याची ओळही नाही. मी आता एका गावातल्या शाळेत आहे. जाळीला गाठी मारल्या आहेत, एक चाक अडकतं. पावसाळी दिवशी कोणी माझ्यावर ओले कोट टाकतं, कोणी उगाच बटणं बडवतं. मला पुसा, तेल घाला, एवढं मागितलं तर जास्त होणार नाही.

पण त्याहून मोठी विनंती वेगळीच आहे. मित्रांनो, उद्या तुम्हीही कोणाचे तरी कप्तान व्हाल, शिक्षक व्हाल. कोणाच्या तरी नावापुढचं शून्य तुमच्या हातात येईल. तेव्हा त्या माणसाशेजारी जाऊन बसा आणि आधी विचारा. मी मुकी होते, माझा इलाज नव्हता. त्या हॉलमध्ये बोलता येणारी माणसं चार होती, आणि 'तुला जायचंय का' एवढं विचारलं जायला सत्तावीस दिवस लागले.