लटारूभाऊंचं शूटिंग

उद्यापासून बाबांचा पाय खांबाला बांधायचा, असं हेमराजनं ठरवून टाकलं होतं आणि एकदा ठरवलेलं बदलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याच्या बायकोचं, कमळाचं, मात्र सकाळपासून कशात लक्ष नव्हतं. चुलीवर भात करपला तरी तिला वास आला नाही.

सासरे लटारूभाऊ म्हणजे चामोर्शीकडच्या तलावांत उभा जन्म जाळं टाकलेला माणूस. दोन वर्षांपासून त्यांना काही म्हणता काही आठवत नव्हतं. जरा डोळा चुकला की निघाले तलावाकडे. परवा तर गळ्याएवढ्या पाण्यात सापडले.

"मी धानाच्या बांधीत जाऊ का यायच्या मागं धावू?" हेमराज म्हणाला. तो दुष्ट नव्हता, पार थकला होता.

महिन्यापूर्वी चंद्रपूरच्या एका संस्थेच्या रीताबाई गावात आल्या होत्या. शाळेत टीव्ही मांडून त्यांनी सीडी लावली होती. विसरभोळ्या म्हाताऱ्यांशी हळू बोला, वाद घालू नका, ओढाताण करू नका. कमळानं सगळं पाठ केलं आणि महिनाभर गोडीनं बोलली. तरी ती जवळ गेली की म्हातारा ओरडायचा, काठी उगारायचा. सीडीतली माणसं शहरातली, त्यांचे म्हातारेही शहाणेच असणार, असं म्हणून ती मनातल्या मनात चरफडायची.

आज रीताबाई पुन्हा आल्या, तशी कमळानं त्यांना गाठलं. "बाई, उद्यापासून बांधतेत त्यायले. माहं काय चुकून राह्यलं, थे घरी येऊन पाहा."

रीताबाईंजवळ छोटा कॅमेरा होता. कमळानं सासऱ्यांना जेवायला वाढलं, तेवढं त्यांनी ओसरीत उभं राहून टिपलं. मग शेजारच्या चंदाबाईला म्हाताऱ्याजवळ बसवून सगळे शाळेत गेले. टीव्हीला वायर जोडली. हेमराजही आला, बाबांना बांधायला आणलेला नवा दोर हातात तसाच.

पडद्यावर कमळा दिसली. या घरच्या रीतीप्रमाणे पदर नाकाखाली ओढलेला, मान खाली, तोंड भिंतीकडे. सुनेनं सासऱ्यासमोर असंच वावरायचं. अठरा वर्षं ती तशीच वावरली होती. त्यामुळे आपण बोलतो तेव्हा मामाजींचं तोंड कसं होतं, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. ते रागावलेले नव्हते. तोंड झाकलेलं कुणीतरी जवळ येतंय म्हणून ते भिंतीला चिकटत होते आणि त्यांचे ओठ थरथरत होते.

"माय वो, हे त भेऊन राह्यले!" कमळाला भडभडून आलं. स्वतःचीच तिला चीड आली.

ती तडक घराकडे धावली. चंदाबाईचा हात झटकून लटारूभाऊ रस्त्यावर आलेच होते. कमळा त्यांच्यासमोर उभी राहिली आणि भर रस्त्यात तिनं पदर मागे सारला. चंदाबाईनं तोंडावर हात ठेवला.

"पदर घे!" मागून हेमराज ओरडला.

तिनं घेतला नाही. लाजेनं कानशिलं तापली होती, पण तिनं सासऱ्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

लटारूभाऊंनी काठी उगारली नाही. ते तिचं तोंड न्याहाळत राहिले.

"कुठी चालले?" कमळानं विचारलं.

"तलावावर. जाळं काढाचं हाय."

"चला, आपून संगं जाऊ."

त्यांनी आपणहून हात पुढे केला. हेमराज क्षणभर घुटमळला. मग दोर कुंपणावर फेकून तोही दोन पावलं मागून चालू लागला.

तलावाच्या पाळीवर बसल्यावर म्हातारा तिच्याकडे वळला. "तू कोनाची होय, माय? भली दिसतं. एक काम करजो. घरी माही सून हाय. मी इथी हाव म्हून तिले सांगजो." मग ते म्हणाले, "लय चांगली हाय थे. पर एवढी वर्सं झाली, मले कधी दिसलीच नाई."

कमळानं त्यांचा हात घट्ट धरला आणि डोळे न पुसता त्यांच्याकडे तोंड करून बसून राहिली.