नुसता वरवंटा

वरवंट्याच्या डाव्या टोकाशी अंगठ्याएवढा खळगा होता आणि धुतलेला दगड सगळा वाळला तरी त्या खळग्यात थेंबभर पाणी राहायचं. आताही राहिलं होतं, आणि ते बोटानं पुसावं की आपोआप वाळू द्यावं याचा विचार करत कुमुद ओट्याशी उभी होती. ओला असताना काळा दिसणारा दगड आधी कडेनं राखी होतो, मग मध्ये, आणि खळगा सगळ्यात शेवटी. नववीच्या वर्गाला ती सांगायची, तुमच्या घरातला वरवंटा म्हणजे थंड झालेला लाव्हा आहे, आणि पोरं हसायची... खळगा मात्र लाव्ह्यानं केलेला नव्हता. तो सासूबाईंच्या अंगठ्यानं केला होता, चाळीसेक वर्षं तिथंच टेकून टेकून. गेली अकरा वर्षं कुमुदचा अंगठाही त्याच जागी टेकत होता, पण त्यानं खळगा किती खोल झाला असेल? मोजता येण्यासारखा नाही. ज्या मापाचं उपकरण घरात नाही ते माप धरायचं नाही, असंही ती वर्गात सांगायची.

तिनं पाणी पुसलं.

आतल्या खोलीत बॅगा उघड्या पडल्या होत्या. सोमवारी पहाटे निघायचं होतं. नारायणगावहून मुंबई, तिथून तिच्या नवऱ्यानं, कुंडलिकनं, नकाशावर दाखवलेलं कॅनडातलं ते गाव, ज्याचं नाव सासूबाईंना घेता येत नव्हतं म्हणून त्या नुसतं 'तिकडं' म्हणत. कुंडलिक खोडदच्या दुर्बिणीवर इलेक्ट्रॉनिक्सचं काम करायचा. आज तो कसल्याशा सही-शिक्क्यासाठी जुन्नरला गेला होता आणि जाताना लेकीला, प्राचीलाही, लेण्याद्री दाखवायला घेऊन गेला होता, पुन्हा कधी बघणार म्हणून. बॅगांचं त्यानं एका वाक्यात उरकलं होतं. "लागेल ते सगळं तिथं मिळतं. तू फक्त तुला हवं ते घे." लागेल ते वेगळं आणि हवं ते वेगळं, आणि हवं ते म्हणजे काय हे आठवडाभर बॅगांपुढे बसूनही तिला नीट सांगता येत नव्हतं. हात मात्र निवडत होते. मन ठरवत नसताना हात कसे ठरवतात...

ती खाली बसली आणि बॅगेत काय काय गेलंय ते बघू लागली. बिडाचा तवा. चकलीचा सोऱ्या, पितळेचा. मिसळणाचा डबा. लाकडी काथवट, जिची एक कड उंदरानं कुरतडलेली. प्रयोगाची नोंद वाचावी तसं तिनं ते वाचलं आणि तिला हळूहळू कळत गेलं की यातलं एकही तिनं हवंसं वाटून उचललेलं नाही. तवा मागच्या बुधवारी आत आला, कारण बुधवारी सकाळी आरती म्हणाली होती, "ताई, ह्या तव्यावं भाकर कशी सुटती बघा, लई गुणाचा तवा!" सोऱ्या आरतीनं आपल्या आईला दाखवायला घोडेगावला नेऊन आणला, त्या संध्याकाळी आत आला. मिसळणाच्या डब्याला ती परवा चिंच लावून घासत बसली होती, अगदी तिचाच असल्यासारखी. म्हणजे जिथं जिथं आरतीचा हात लागला, ते ते बॅगेत गेलं होतं. निष्कर्ष स्पष्ट होता. इतका स्पष्ट, की कुमुदनं काथवट उचलून बॅगेबाहेर ठेवली, आणि दोन क्षणांनी पुन्हा आत.

आरती तिची धाकटी जाऊ, गेणूची बायको. शिवाय सासूबाईंच्या सख्ख्या भावाची मुलगी, त्यामुळे लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला नवं असं काही बोलावं लागलं नाही. जन्मापासून ज्यांना आत्या म्हणत होती त्यांना आत्याच म्हणत राहिली. आणि त्या तिला आरते. "आरते, दूध उतू चाललंय, मेले!" "आरते, पदर नीट घे, वाघळासारखी लोंबतीयास." तिनं लोणच्याची बरणी फोडली तेव्हा सासूबाईंचा आवाज पार रस्त्यावरच्या जीपवाल्यांनी ऐकला असेल, आणि अर्ध्या तासानं त्याच सासूबाई उंबऱ्यात बसून आरतीच्या डोक्याला तेल लावत होत्या, दोघी कशाला तरी खिदळत होत्या. कुमुद दारामागे वह्या तपासत होती. तिच्याही हातून एकदा, पहिल्याच वर्षी, दुधाचं भरलं पातेलं पडलं होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "असू द्या बाई. हातातनं पडायचंच." आणि फडकं घेऊन स्वतः पुसायला बसल्या होत्या.

बाई. शाळेत शिकवते म्हणून सगळं गाव तिला बाई म्हणायचं, आणि सासूबाईही. अकरा वर्षांत एकदाही अगं नाही. आवाज चढला नाही, कधी मेले नाही, मुडदे नाही. पहिली काही वर्षं तिला याचा अभिमान होता. माहेरी पत्रातून लिहायची, सासूबाई फार मान देतात. मान... मग गेल्या वर्षी आरती आली आणि मान म्हणजे काय ते तिला कळलं. पाहुण्याला पाट देतात, तो मान.

स्वयंपाकघरात आज मासवड्या व्हायच्या होत्या. कुंडलिकला आवडतात, आणि संध्याकाळी भावकीतली चार माणसं निरोप द्यायला येणार होती. खोबरं, तीळ, खसखस भाजल्याचा वास घरभर होता. सकाळपासून लाईट नव्हती, म्हणजे मिक्सर बंद, म्हणजे वाटण पाट्यावर. आरतीला सातवा महिना. ती पाट्याशी बसायची तेव्हा पाय पसरून एका अंगावर कलून बसायची, आणि सासूबाई तिला जपून वाटायला सांगत सांगत मध्येच बाजूला सारून आपणच वाटू लागायच्या.

आणि दोन महिन्यांनी बारसं.

कुमुदला प्राचीचं बारसं आठवलं... आठवलं म्हणजे काय, सकाळी खळग्यातलं पाणी पुसलं तेव्हापासून ते आठवतच होतं. सासूबाईंनी हाच वरवंटा ऊन पाण्यानं धुतला होता, त्याला झबलं गुंडाळलं होतं, आणि मग हळदीचं बोट लावून, काजळाची तीट लावून, बायकांनी तो पाळण्याखालून वरून एकमेकींच्या हातात दिला होता, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. प्राचीच्या आधी तो पाळण्यात निजला होता. बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून. कुमुद, एम.एस्सी. झूलॉजी, खाटेवर बसून मनातल्या मनात हसत होती. तेव्हा सासूबाई तिच्याकडे वाकून हळूच म्हणाल्या होत्या, "ह्यो थोरला. कुंडलिकच्या आधी ह्योच निजला व्हता, गेणूच्या आधी बी ह्योच." आणि वरवंटा तिच्या मांडीवर ठेवला होता, क्षणभर. अकरा वर्षांत तिच्याशी त्या इतक्या जवळून तेवढ्या एकदाच बोलल्या होत्या. दगड झबल्यातून गार लागत होता, आणि मग हळूहळू तिच्या मांडीच्या उबेनं कोमट झाला होता.

आता तो आरतीच्या मांडीवर जाईल. ह्यो थोरला, त्या तिला सांगतील. की सांगणारही नाहीत, तिला ते आधीच ठाऊक असेल, घोडेगावात माहेरी बसून तिनं या घरातलं सगळं लहानपणीच ऐकलेलं असेल.

सासूबाई मागच्या अंगणात कोथिंबीर निवडत होत्या. आरती न्हाणीत. कुमुद उठली, ओट्याशी गेली, वरवंटा उचलला. जड होता, नेहमी वाटायचा त्याहून जड. आतल्या खोलीत येऊन तिनं तो हाताशी होतं त्या कापडात गुंडाळला. हाताशी प्राचीचं जुनं दुपटं होतं. दुसरं कापडही होतं का? असेल, तिनं पाहिलं नाही. तवा बाजूला सारून तिनं ते गाठोडं बॅगेच्या मधोमध ठेवलं, वर स्वेटर ठेवला, आणि शेजारी बसून राहिली.

"आत्या, वरवंटा कुठंय?"

"तुझ्या डोळ्यात बघ. ओट्यावंच व्हता."

"न्हाई ना हितं."

"न्हाई म्हंजे? पाय फुटलं का त्याला? आरते, पोटुशी ऱ्हायल्यापास्नं तुला शुद्धच न्हाई बघ कशाची. परवा किल्ली फडताळात, काल दूध उनात. नीट बघ, तांदळाच्या डब्यामागं बघ."

"तांदळामागं वरवंटा कशाला जाईल, आत्या?"

"तू ठिवशील. तुजा काय भरवसा!"

आरती हसत होती. भांडी सरकत होती. सासूबाई उठून आल्या, त्यांची पावलं ओट्यापाशी, मोरीपाशी, मागच्या दाराशी. दोघी मिळून एका दगडाला शोधत होत्या, आणि कुमुद इकडे बॅगेशी बसून ऐकत होती. आपण चोर आहोत असं तिला वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. वाटत होतं ते हेच, की जी बोलणी माझी आहेत तीसुद्धा आरतीला मिळताहेत. केलं मी, आणि शुद्ध नाही ती आरतीला. तेवढंसुद्धा माझ्या वाट्याला नाही.

सासूबाई दारात आल्या. "बाई, खसखशीची दुसरी पुडी तुमच्या सामानात तर न्हाई ना गेली?"

"बघते."

पण त्याच वाकल्या. स्वेटर उचलला. दुपट्यावर त्यांचा हात पडला आणि तिथं थांबला. बोटं कापडावरून डावीकडे सरकली, अंगठा आपोआप खळग्यात बसला. कापड सोडायची गरजच नव्हती. कुमुद त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. आता आवाज चढेल. आता त्या म्हणतील, कुमदे, काय हे, लाज न्हाई वाटत, माझ्या घरातला दगड... म्हणा, तिच्या आत कुणीतरी म्हणत होतं, म्हणा ना एकदा, मी ऐकून घेईन, मी रडेन, मग तुम्ही माझ्या डोक्याला तेल लावा...

सासूबाईंनी दुपट्याची सुटलेली कड आत खोचली.

"पाटा बी न्या मग, बाई," त्या म्हणाल्या. "नुसता वरवंटा कशाच्या उपेगाचा?"

आवाज साधा होता. टोमणा म्हणावा तर त्यात धार नव्हती, माया म्हणावी तर ऊब नव्हती. कुमुदनं ते वाक्य उलटसुलट करून पाहिलं, त्यातून काहीच निघेना.

"आई, मी..."

"ऱ्हाऊ द्या." स्वेटर त्यांनी पुन्हा वर ठेवला, सारखा केला, आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. खसखस त्यांनी मागितलीच नाही.

"आरते, जा, लंकाबाईचा वरवंटा मागून आण. आपला पाथरवटाकडं टाकी लावायला दिलाय."

"कवा दिला? सकाळी तर मी..."

"दिला म्हनलं ना! लई सवाल तुझं. जा, आनि हळू जा, पळू नगंस."

"अगं बाई, वरवंटा टाकीला आनि पाटा घरात!" आरती हसत हसत मागच्या दारानं गेली. तिला खरं वाटलं नव्हतं, आणि त्याचं तिला काही वाटलंही नव्हतं. उद्या ती हे लंकाबाईला सांगून आणखी हसेल.

खोटं. सासूबाई खोटं बोलल्या होत्या, आणि तिच्यासाठी. कुमुदनं हे मनात ठेवून पाहिलं. जिला रागावतात ती जवळची, की जिच्यासाठी खोटं बोलतात ती? दोन्हीकडे थोडं थोडं वजन पडत होतं, काटा एका जागी ठरत नव्हता. शिवाय माणसं खोटं परक्यासाठीही बोलतात. पाहुण्याची इभ्रत राखायला तर हमखास.

थोड्या वेळानं पाट्यावर शेजारचा वरवंटा फिरू लागला. तो या पाट्यावर बसत नव्हता. हा पाटा मध्ये खोल होता, इतक्या वर्षांत या वरवंट्यानंच तसा केलेला, आणि लंकाबाईचा सरळसोट दगड कडांवर टेकून मध्ये अधांतरी राहत होता. घासल्याचा लांब आवाज येण्याऐवजी खटखट येत होती. कुमुदचे खांदे त्या आवाजानं आखडले. पुढे रेट, मग मनगट उचल, तिचे हात म्हणत होते. खोबरं मध्ये तसंच राहतंय. कडेनं गोळा कर, पाणी शिंपड.

"हळू गं, पाटा फुटंल!"

"बसंनाच तो, आत्या. आपलाच बरा."

"मंग? आपला तो आपला."

कुमुदनं स्वेटर बाजूला केला आणि गाठोडं मांडीवर घेतलं. उठावं, नेऊन द्यावं, म्हणावं, हा घ्या, चुकून आला. चुकून? किंवा काहीच म्हणू नये. दार उघडंच होतं, ओटा तिथून दिसत होता. तिला तिकडचं स्वयंपाकघर दिसलं, कुंडलिकनं वर्णन केलेलं, पांढरं, गुळगुळीत, चोवीस तास लाईट असलेलं. त्यातल्या एका कोपऱ्यात हा काळा दगड, पाट्याशिवाय, दिवसचे दिवस कोरडा. तिथं याला कोण शोधणार. इथं तो घटकाभर दिसेना तर घर थांबलं होतं, दोन बायका तांदळाच्या डब्यामागं बघत होत्या, आपला तो आपला म्हणत होत्या. मंगळवारी सकाळी, पुढच्या पौर्णिमेला, बारशाच्या दिवशी, या घरात कुणी त्याच आवाजात विचारेल का... अगं, कुमुद कुठंय? नीट बघा, हितंच तर व्हती.

तिनं दुपट्यावरून बोट फिरवलं. ती आता आरतीवर जळत नव्हती. हे तिला स्पष्ट कळलं, आणि कळून हलकं वाटलं नाही, कारण जळणं थांबलेलं नव्हतंच. ते नुसतं तिथून उठून इथं आलं होतं, तिच्या मांडीवरच्या या दगडावर, ज्याला सगळे आपला म्हणत होते आणि ज्याला त्यासाठी काहीही करावं लागलं नव्हतं.

बाहेर खटखट चालू होती. दगड दुपट्यातून अजून गारच लागत होता. कोमट व्हायला वेळ लागतो, तिला ठाऊक होतं. उठायचं ते त्याआधी, की नंतर... ते ठरेना, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपला गुडघा हलतोय, बराच वेळ, हळूहळू, मांडीवर काहीतरी निजवत असल्यासारखा.