वीस फुटांपलीकडचा सूर

मी गिटारची केबल. वीस फूट लांब, काळी, दोन्ही टोकांना चकचकीत पिना. माझ्यातून इतके सूर गेले, पण बोलतेय मात्र आज पहिल्यांदाच.

अलिबागच्या एका दुकानात मला रिळावरून कापलं, टोकांना पिना डाग देऊन जोडल्या आणि दीक्षाच्या हातात ठेवलं. दीक्षा चौलजवळच्या बौद्धवाडीतली, कॉलेजात शिकणारी. माझं एक टोक तिच्या गिटारीत, दुसरं पेडलबोर्डात. पेडलबोर्ड म्हणजे फळीवर बसवलेल्या लहान डब्या. पायाने दाबल्या की आवाज घुमतो, लांबतो. तिने तार छेडली की माझ्यातून काहीतरी ऊबदार वाहायचं, पोफळीच्या वाडीत संध्याकाळचं ऊन सरकतं तसं. ते कुठे निघालंय हे कळायच्या आत गेलेलं असायचं.

जयंतीच्या मिरवणुकीत मात्र माझीच अडचण व्हायची. तिचे वडील दत्ताराम कॉर्डलेस माईक घेऊन लोकांमध्ये चालत गायचे आणि दीक्षा मागच्या टेम्पोवर, माझ्या टोकाला बांधलेली. गेल्या वर्षी गर्दीत त्यांचा सूर सुटला आणि ते मध्येच थांबले. घरी येऊन म्हणाले, "मी आता गाणार न्हाय. तू वर, मी खाली. तुझी बोटं दिसल्याबिगर मला सूर घावत न्हाय."

"गाणं रस्त्यावरच्या माणसांचं आहे ना, बाबा? मग मी तरी टेम्पोवर कशाला? यंदा तुमच्या शेजारी चालते. मग तरी गाल?"

"आधी चालून तर दाव," दत्ताराम म्हणाले.

साऊंड सांभाळणारा तिचा चुलतभाऊ विवेक एका मित्राकडून दोन वायरलेस संच घेऊन आला. संचाचा एक तुकडा गिटारीला लावायचा, तो सूर हवेतून पाठवतो; दुसरा पेडलांपाशी, तो सूर पकडतो. एक बोटाएवढा, दुसरा पेडलांच्या रांगेत बसणारा चौकोनी डबा. मी खिळ्यावर वेटोळं होऊन ऐकत होते. दीक्षा बोटाएवढा लावून विहिरीपर्यंत वाजवत गेली. सूर स्वच्छ आला.

"झालं, हाच घेऊ," ती म्हणाली.

"रिकाम्या अंगणात सगळंच वाजतं गं," विवेक म्हणाला. "मिरवणुकीत प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो. त्यांच्या लहरी आड येतात."

मग रविवारी विहाराच्या अंगणात सगळी वाडी जमवून विवेकने फर्मान काढलं, "हॉटस्पॉट चालू करा सगळ्यांनी."

"माझा लेकीला व्हिडिओ कॉल लागलाय," केसरआत्या म्हणाली. "ठेवू का बंद करू?"

"ठेव ठेव. तेवढाच एक मोबाईल जास्त."

बोटाएवढा संच उचकी लागल्यासारखा तुटत राहिला. चौकोनी डब्याची वाट मोबाईलपेक्षा वेगळी. तो ढळला नाही. दीक्षाने तोच निवडला आणि पेडलांमध्ये पक्का बसवला. डब्यापासून पेडलापर्यंत वीतभर वायर पुरली. मला पिशवीत टाकलं. तिथल्या अंधारात मला तिची बोटं स्वप्नासारखी आठवत राहिली.

जयंतीला दत्ताराम माईक घेऊन आले, पण तो बंदच. दीक्षा खाली, त्यांच्या शेजारी उभी राहिली; पेडलबोर्ड टेम्पोवर, विवेकच्या पायाशी. टेम्पो हलला, मध्ये माणसं दाटली आणि गिटार गुळण्या करू लागली.

"बघ," दत्ताराम म्हणाले. "चढ वर तू. मी जातो घरी."

"थांबा, काका," विवेक ओरडला. "त्या दिवशी बोर्ड विहाराच्या ओट्यावर होता, आज टेम्पोच्या तळाशी आहे. डब्याला दीक्षा दिसतच नाही. केबिनवर ठेवायला हवा."

"मग पेडलं पण चढव वर," दीक्षा म्हणाली.

"आणि दाबणार कोण? मी काय माकड आहे?"

एवढं बोलून त्याने पिशवीत हात घातला आणि मला बाहेर ओढलं. डबा पेडलांमधून सुटून केबिनच्या टपावर गेला. त्याच्यापासून खाली पेडलांपर्यंत मी पसरले.

दीक्षा पुढे निघाली. इतक्या लांब ती माझ्यापासून कधी गेली नव्हती. तिचा सूर माणसांच्या डोक्यांवरून, निळ्या पताकांमधून तरंगत आला, टपावर उतरला आणि माझ्यातून वाहू लागला. तीच ऊब, फक्त तिच्या हाताशिवाय. टेम्पोत तिच्या खुणेसरशी विवेक पेडल दाबत होता.

दत्ताराम तिच्या बोटांकडे पाहत काही पावलं चालले. मग त्यांनी माईक चालू केला आणि पहिली ओळ उचलली.

लोकांनो, तिला हवं तिथवर जाऊ द्या. माझं मागणं एवढंच, मिरवणूक संपल्यावर मला सैल गुंडाळा. पीळ दिलात तर मी आतून तुटेन, आणि मला अजून वाहायचं आहे.